ओळखीचे नाम, अनोळखी नाम : इंग्रजी उपपदांचा पेच

नामापूर्वी येऊन ते नाम श्रोत्याच्या ओळखीचे आहे की नाही याची सूचना देणाऱ्या शब्दाला व्याकरणात उपपद म्हणतात. इंग्रजीत ‘द’ हे निश्चित उपपद असून ‘अ’ आणि ‘ॲन’ ही अनिश्चित उपपदे आहेत. संस्कृत, लॅटिन व रशियन यांच्याप्रमाणेच मराठीतही असा स्वतंत्र शब्दवर्ग नसल्यामुळे, क्रियापदांचे काळ पक्के झाल्यावरही मराठी भाषकाच्या इंग्रजीत उपपदांच्या चुका उरतात. त्यावरून हा भेदच त्याला ठाऊक नसतो असे मानणे मात्र चुकीचे आहे, कारण मराठी तोच भेद निराळ्या वाटांनी दाखवत असते.

‘तो डॉक्टर शोधत आहे’ या वाक्यातल्या माणसाला कोणताही डॉक्टर चालणार असतो, तर ‘तो डॉक्टरांना शोधत आहे’ असे म्हटले की ठरावीक डॉक्टरच अभिप्रेत असतात. पहिल्या वाक्यात इंग्रजी ‘अ डॉक्टर’ म्हणेल, दुसऱ्यात ‘द डॉक्टर’, आणि मराठीने हे काम विभक्तिप्रत्ययावर भागवलेले दिसते. शब्दक्रमाचेही तसेच आहे : ‘अंगणात मांजर बसले आहे’ यातले मांजर सहसा कोणतेतरी असते, परंतु ‘मांजर अंगणात बसले आहे’ हे वाक्य बहुधा घरातल्या माहीत असलेल्या मांजराविषयी बोलले जाते.

पहिल्या उल्लेखाला ‘अ’ आणि दुसऱ्या उल्लेखाला ‘द’ हा शाळेत पाठ करवला जाणारा नियम म्हणूनच अपुरा पडतो. ‘सायकल घेतली, पण घंटी वाजत नाही’ या वाक्यात घंटीचा उल्लेख प्रथमच होत असला, तरी सायकल म्हटल्यावर तिची घंटी श्रोत्याने गृहीत धरलेली असते, आणि त्यामुळे इंग्रजीत ‘अ सायकल’ पण ‘द बेल’ असेच म्हणावे लागते. उल्लेख कितवा आहे यापेक्षा ‘कोणती?’ असा प्रश्न श्रोत्याला पडेल की नाही, हे येथे निर्णायक ठरते.

‘अ’ आणि ‘ॲन’ यांतील निवड त्या मानाने सोपी असून ती लिपीवर नव्हे, तर उच्चारावर ठरते. येथे देवनागरीचा उपयोग होतो : पुढचा शब्द देवनागरीत स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’, व्यंजनाने होत असेल तर ‘अ’, हे पाहिले की ‘ॲन अवर’, ‘ॲन एम. ए.’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-वे रोड’ यांचा उलगडा आपोआप होतो. इतिहासाच्या दृष्टीने ‘ॲन’ हेच मूळ रूप आहे. जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून ते आले आणि व्यंजनापूर्वी त्याचा ‘न’ गळून ‘अ’ उरला. हा ‘न’ कोणाचा, याविषयी खुद्द इंग्रजांचाही गोंधळ झाला होता, आणि क्रिकेटमुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेला ‘अंपायर’ हा शब्द त्याची साक्ष देतो, कारण मुळात ‘न’ने सुरू होणाऱ्या या शब्दाचा आद्य वर्ण कालांतराने उपपदाला जाऊन चिकटला.

उपपद न लावण्यालाही अर्थ असतो. जुलै 1969 मध्ये चंद्रावर पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँग यांनी उच्चारलेल्या वाक्यात ‘मॅन’पूर्वीचा ‘अ’ ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येत नाही. ‘अ मॅन’ म्हणजे एक माणूस आणि नुसते ‘मॅन’ म्हणजे मानवजात असल्यामुळे, माणसाचे छोटे पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप हा अभिप्रेत विरोधच त्या एका अक्षराअभावी कोसळतो. एरवी नुसते नाम प्रामुख्याने अगणनीय नामांना, म्हणजे एक-दोन असे मोजता न येणाऱ्या नामांना, आणि सर्वसामान्य विधानांतील अनेकवचनांना शोभते. ‘ॲन ॲडव्हाइस’ ही आपल्याकडची नित्याची चूक मराठीतला ‘सल्ला’ गणनीय असल्यामुळे होते.

विशेषनामांबाबत मात्र तर्क फारसा चालत नाही, तेथे रूढीच प्रमाण मानावी लागते : गोदावरी नदीला ‘द’ लागतो, कळसूबाईच्या शिखराला लागत नाही. रूढीही सर्वत्र एकच नसते, कारण ब्रिटिश इंग्रजीत दाखल झालेला रुग्ण ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि अमेरिकेत तोच ‘इन द हॉस्पिटल’ असतो. अशा स्थितीत संदर्भावाचून सुटे वाक्य देऊन त्यातली रिकामी जागा भरायला सांगणारा आणि एकच उत्तर बरोबर धरणारा परीक्षेतला प्रश्न विद्यार्थ्याची जाण कितपत तपासतो, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.