वेग अडवून धरणारी चिप

२००५ सालच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या दोन स्वतंत्र चिप्स होत्या, ९० नॅनोमीटर तंत्राने घडवलेल्या. २०१०पर्यंत ४५ नॅनोमीटरचं तंत्र हाताशी आलं आणि दोन्ही एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर मावल्या. इतक्या जवळ आल्यावर त्यांच्यातली देवाणघेवाण आपोआप जलद झाली असती. अभियंत्यांनी काय करावं? मध्ये मुद्दाम एक भाग घातला. संदेश पूर्वीइतकाच उशिरा पोचावा, एवढंच त्याचं काम!

हे वाचून मी थक्क झालो. पण त्यामागचा विचार पक्का आहे. कन्सोलवरचा प्रत्येक गेम त्या यंत्राची चाल गृहीत धरून लिहिलेला असतो. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या डब्यावर आणि काल घेतलेल्या डब्यावर तो सारखाच चालायला हवा.

मग नव्या तंत्राचा उपयोग काय? नॅनोमीटरचा आकडा उतरून चिपमधला ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला चालू-बंद करायला वीज कमी लागते, चिप कमी तापते, लहान पंखा पुरतो. शिवाय ३०० मिलिमीटरच्या एकाच वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, जास्त चिप्स निघतात. निन्टेंडो स्विचचंच बघा. २०१७च्या मॉडेलची बॅटरी अडीच ते साडेसहा तास टिकायची. २०१९मध्ये तीच बॅटरी साडेचार ते नऊ तास टिकू लागली, मुख्यतः २०ऐवजी १६ नॅनोमीटरच्या चिपमुळे. गेम तेच, किंमतही तीच.

मात्र आता गणित बदललंय. नवी वेफर फार महाग पडते, आणि चिपमधला स्मृतीचा भाग आकसायला तयार नाही: चिप्स बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीच्या ३ नॅनोमीटरच्या एका प्रकारात स्मृतीचा कोष ५ नॅनोमीटरच्या तंत्रातल्याइतकाच मोठा राहिला. त्यामुळे आकार घटला तरी खर्च त्या प्रमाणात घटत नाही. २०२०च्या प्लेस्टेशन ५ने २०२२मध्ये ७वरून ६ नॅनोमीटरची जवळचीच पायरी गाठली. ती निवड मला शहाणपणाची वाटते, कारण ६चे आराखड्याचे नियम ७शी जुळतात आणि चिप मुळापासून मांडावी लागत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हातात धरायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या कन्सोलने नवं तंत्र शक्य तितक्या लवकर घ्यावं. टीव्हीखाली बसणाऱ्याने ते जुनं आणि स्वस्त होईपर्यंत थांबावं.