गळकी जलवाहिनी घाणही आत ओढते

प्रतापगड (जि. गोंदिया) : विहिरीचे पाणी गढूळ झाले, की बादली वर येताच ते कळते. नळाचे पाणी मात्र जमिनीखालून आणि भिंतीआडून येते; वाटेत त्याचे काय झाले हे दिसत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड हे गाव किल्ल्यासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित केलेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि ग्रामीण भागात विहिरी व हातपंपांच्या जोडीला घरोघरी नळ येऊ लागले. मात्र नळाबरोबर शहरातील घरमालकांची जुनी चिंताही गावात पोहोचते. ती म्हणजे नजरेआड झिजणारी जलवाहिनी.

हा प्रश्न केवळ पाण्याच्या नासाडीचा नाही. स्वच्छ सर्वेक्षणात वारंवार पहिला क्रमांक पटकावणाऱ्या इंदूर शहरातील भागीरथपुरा भागात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस दूषित पाण्यामुळे अनेकांचे बळी गेले. पिण्याच्या पाण्याच्या मुख्य वाहिनीला लागलेली गळती एका शौचालयाखाली आढळून आली होती. रस्ते स्वच्छ असले तरी जमिनीखाली काय चालले आहे ते कळत नाही, हा या घटनेचा धडा होय.

<b>घाण आत कशी शिरते?</b>

वाहिनीत दाब असतो तोवर छिद्रातून पाणी बाहेर पडते. बहुतेक शहरांत आणि गावांत पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. पुरवठा बंद झाला, की वाहिनीतील पाणी सखल भागाकडे उतरते आणि आत पोकळी निर्माण होते. अशा वेळी तेच छिद्र सभोवतालचे गटाराचे पाणी आत ओढून घेते. पुन्हा पाणी सुटले, की ती घाण सर्वप्रथम नळातून घरात येते.

थेट नळजोडणीवर बसवलेला टिल्लू पंप हा धोका आणखी वाढवतो. तो पाण्याबरोबर वाहिनीतील उरलासुरला दाबही खेचून घेतो. त्यामुळे एका घरातील पंपाची शिक्षा शेजारच्या घरांनाही भोगावी लागते. यात्रा, लग्नसराई किंवा उन्हाळ्याच्या टंचाईत पंपांचा वापर वाढतो, तेव्हा हा धोकाही वाढतो.

<b>लक्षणे ओळखा</b>

जुन्या लोखंडी पाइपवरील जस्ताचा थर झिजला, की गंज आतून पोखरू लागतो. आटे पाडलेले सांधे सर्वांत आधी कमकुवत होतात. प्लॅस्टिकचा पाइप गंजत नाही, परंतु सतत उन्हात राहिल्यास ठिसूळ होतो. नळजोडणीचा पाइप गटारातून किंवा नालीला छेदून जात असेल, तर तो सर्वाधिक धोक्याचा समजावा. पाणी सुटताच पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त येणे, नळाची धार अचानक मंदावणे, अंगणातील एखादाच पट्टा सदैव ओला राहणे, भिंतीच्या रंगाला फोड येणे, ही गळतीची लक्षणे होत.

मीटर असलेल्या घरात तपासणी सोपी आहे. पुरवठा सुरू असताना घरातील सर्व नळ बंद करावेत, टाकी भरण्याचा झडपही बंद ठेवावा आणि मीटरवरील आकडा टिपून ठेवावा. तासाभराने आकडा पुढे सरकलेला दिसला, तर मीटरपासून घरापर्यंत कुठेतरी गळती आहे असे समजावे.

भिंतीतील गळतीचा आणखी एक धोका विजेचा असतो. ओल्या भिंतीतून विजेच्या तारा जात असतील, तर ओलाव्यामुळे भिंतीत वा नळात विद्युतप्रवाह उतरू शकतो. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्यास मुख्य स्विच त्वरित बंद करावा आणि तज्ज्ञास बोलवावे. ३० मिलिअॅम्पिअरचा गळतीरोधक स्विच बसवणे हिताचे.

<b>पाणी तपासून घ्या</b>

पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते शुद्ध असतेच असे नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. भारतीय मानकानुसार निर्जंतुकीकरण केलेल्या पाण्यात नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक राहावयास हवे. ओटी चाचणीत द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. रंग आलाच नाही, तर पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा. अहवाल येईपर्यंत पाणी चांगले उकळूनच प्यावे.

गळती सापडल्यावर सुतळी वा रबराची पट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे. तो तुकडा बदलावा, पाइप नालीपासून दूर आणि शक्य तो तिच्या वरच्या पातळीवरून न्यावा. त्यानंतर टाकी धुऊन तिचे निर्जंतुकीकरण करावे. मुख्य वाहिनी ही स्थानिक संस्थेची जबाबदारी असली, तरी तिच्यापासून घरापर्यंतच्या पाइपची देखभाल अनेक ठिकाणी घरमालकाकडेच असते. पावसाळ्यात नाल्या तुंबतात आणि छिद्राभोवती घाण पाणी साचते. म्हणूनच ही तपासणी मृगाच्या सरी येण्यापूर्वी उरकून घेणे इष्ट.