हत्तीलाही कोंडवाडा!

महापालिकेची कुत्रे पकडणारी गाडी आली की सोसायटीत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘सगळी उचलून न्या!’ दुसरा म्हणतो, ‘हात तर लावून बघा!’ गाडीवरच्या माणसाला कायद्याने नेमकं काय करता येतं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं. कायदे चाळले की एक गोष्ट ठळक दिसते: जनावर पकडायचा अधिकार बऱ्याच जणांना आहे, त्याचा जीव घ्यायचा फार थोड्यांना.

गुरांत हत्ती
गुरांच्या अतिक्रमणाबद्दलच्या 1871 च्या कायद्यात ‘गुरं’ म्हणून गाढव, उंट, डुक्कर, शेळ्या-मेंढ्या आणि चक्क हत्तीही मोजलाय! पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरलं, तर 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचं. तिथे त्याचं चारापाणी बघणं कोंडवाडा सांभाळणाऱ्याचं काम. सात दिवसांत मालक फिरकला नाही तर पोलिसांना कळवून दवंडी पिटायची. त्यानंतरही आठवडाभर कुणी आलं नाही, तर लिलाव.

बोली लावायला मनाई
या लिलावात पोलीस आणि कोंडवाडा सांभाळणारा यांना जनावर विकत घेता येत नाही. स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही नाही. जो कोंडतो त्याचा फायदा होता कामा नये, एवढा शहाणपणा दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात आहे.

आठ आण्यांची दंगल
हा शहाणपणा नसला की काय होतं, ते मुंबईने 1832 मध्ये पाहिलं. भटक्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लागलं आणि कमाईच्या नादात शिपाई घरातल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. 6 जूनला पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल आवरायला लष्कर बोलवावं लागलं.

कानाची खाच बघा
रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला ‘व्ही’ आकाराची खाच दिसली, तर त्याचं निर्बीजीकरण झालंय असं समजा. 2023 च्या नियमांनुसार पकडलेल्या कुत्र्याचं निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. तेव्हा ‘कुठून उचललं, त्याची नोंद केलीत का?’ हे जरूर विचारा. सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये याला अपवाद घातले: ऑगस्टमध्ये रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री, तर नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातून उचललेली कुत्री. ही परत तिथे सोडायची नाहीत.

बिबट्यासाठी लेखी हुकूम
नरभक्षक बिबट्याला गोळी घालायचा हुकूम तहसीलदार देऊ शकत नाही, पोलीसही नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तो अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा. त्यानेही कारणं लेखी द्यायची. शिवाय बिबट्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, याची आधी खात्री करून घ्यायची. अंगावर आलेल्या बिबट्याला जीव वाचवताना मारलं तर गुन्हा नाही, पण त्याचं एक नखही घरी ठेवता येत नाही. ती सरकारी मालमत्ता!

मिठू मिठू, पण बेकायदा
गॅलरीतल्या पिंजऱ्यातला आपला देशी पोपटही याच कायद्याने संरक्षित आहे. वनाधिकारी तो जप्त करू शकतो आणि फौजदारही.

पन्नास रुपयांत सुटका
प्राण्याचा छळ होत असल्याचं मानायला कारण असेल, तर शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कुठलाही पोलीस, अगदी हवालदारसुद्धा, ते जनावर ताब्यात घेऊ शकतो. हा अधिकार 1960 च्या कायद्याचा. पण त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये! त्या काळी ही रक्कम खिशाला जाणवत असे, आज तेवढ्यात धड नाश्ताही होत नाही. भारतीय न्याय संहितेने एक पाऊल पुढे टाकलंय. जुन्या दंडविधानात बऱ्याच प्राण्यांच्या बाबतीत जनावर दहा रुपयांचं की पन्नास रुपयांचं, यावर शिक्षा ठरायची. 1 जुलै 2024 पासून ही किंमत मोजणं बंद झालं. कुठल्याही प्राण्याला ठार मारलं, विष घातलं किंवा लुळंपांगळं केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुक्या जिवाला सोडवायचा अधिकार हवालदाराला दिलाय, तर छळणाऱ्याला जरब बसेल असा दंडही द्यायलाच हवा.