कोंडलेल्या प्राण्यांचे हक्क

मी सध्या मुलीकडे ग्वेल्फला असतो. इथलं पशुवैद्यकीय कॉलेज १८६२ साली टोरांटोत निघालं आणि १९२२ साली ग्वेल्फला आलं. नात परवा म्हणाली, "आजोबा, कोंडलेल्या प्राण्यांना माणसासारखे हक्क नकोत का?"

तिच्या मनात किस्का होती. ही ओर्का जातीची मादी १९७९ साली आइसलँडजवळ पकडलेली. ही जात कळपाने राहणारी, पण नायगारा फॉल्सच्या मरीनलँडमध्ये किस्का २०११ पासून सोबतीणीविना होती. २०१९ साली कॅनडाने करमणुकीसाठी व्हेल-डॉल्फिन बाळगायला बंदी केली, मात्र आधीपासून असलेल्यांना त्यातून सूट होती. २०२३ च्या मार्चमध्ये किस्का तिथेच गेली.

न्यूयॉर्कला हॅपी हत्तिणीच्या सुटकेसाठी लोक कोर्टात गेले. २०२२ साली पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, की कैदेतून सुटका मागण्याचा हा हक्क माणसांचाच.

मग मी नातीला आपल्या कोकणातल्या तेलघाण्याबद्दल सांगितलं. आपल्याला 'शनवार तेली' म्हणायचे, कारण शब्बाथला घाणा बंद. घाणा बंद म्हणजे बैलालाही सुट्टी. दहा आज्ञांतच ती विश्रांती गुराढोरांनाही दिलेली आहे. बैलाने काही मागितली नव्हती. ती देणं हे मालकाचं कर्तव्य.

मतदानाचा हक्क जनावराला काय कामाचा? पण हिंडायला जागा, आपल्या जातीची सोबत आणि विसावा त्याला मिळालाच पाहिजे. ते देता येत नसेल, तर त्याला कोंडूच नये.

तुमच्याकडे घाण्याच्या आठवणी असतील, तर नातवंडांना जरूर सांगा.