समुद्रतळाच्या गाळातले हिमयुग

गाभा : पोकळ नळी तळात रुतवून काढलेला गाळाचा उभा दंडगोल. खालचा थर जुना, वरचा नवा. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो.

फोरामिनिफेरा : चुनखडी कवचाचे एकपेशीय जीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. मेल्यावर कवच तळाशी साठते. बहुतेक नोंदींचा मुख्य आधार हे कवचच.

ऑक्सिजनची दोन रूपे : हलका ऑक्सिजन-१६, जड ऑक्सिजन-१८. हलक्या ऑक्सिजनचे पाणी लवकर वाफ होते. हिमयुगात ते बर्फ होऊन जमिनीवर अडकते, समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि ते कवचात उतरते. मात्र पाणी थंड झाले तरी कवचातला जड ऑक्सिजन वाढतो. बर्फ किती आणि गारठा किती, हे वेगळे करण्यासाठी कवचातले मॅग्नेशियम व कॅल्शियमचे गुणोत्तर मोजतात : पाणी उबदार, तर मॅग्नेशियम जास्त.

टप्पे
• १९५५ : सेझारे एमिलियानी यांचा ऑक्सिजन-नोंदींवरचा शोधनिबंध.
• १९७६ : हेज, इम्ब्री, शॅकलटन. हिमयुगांच्या चक्रांचा पृथ्वीच्या कक्षेतील व अक्षातील बदलांशी संबंध गाळातून दाखवला.
• १९८८ : हार्टमुट हाइनरिख. उत्तर अटलांटिकच्या गाळात हिमनगांनी आणून टाकलेल्या खड्यांचे थर.

शेवटचा हिमयुगी कळस : सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी. समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली.

अरबी समुद्र : नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असले की ओमानलगत खालचे थंड पाणी वर येते आणि ‘ग्लोबिजेरिना बुलॉइड्स’ ही फोरामिनिफेराची जात फोफावते. हिमयुगाच्या थरांत तिची कवचे कमी, म्हणजे तेव्हाचा उन्हाळी मान्सून दुबळा. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशा गाळाचा अभ्यास होतो.