ऐनवेळी फुगेल ना?

बोटिंगला निघताना गॉगल, सनस्क्रीन, स्नॅक्स सगळं आठवणीने घेता. पण ते स्लिम, स्टायलिश लाइफ जॅकेट शेवटचं कधी तपासलंत?

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की शनिवारी सकाळी गेटवे, तिथून मांडवा आणि मग अलिबाग. हा मुंबईकरांचा ठरलेला वीकेंड फंडा. आता तर अनेकांची मजल त्याच्याही पुढे गेलीय. कुणी सेलिंग शिकतंय, कुणी चार मित्रांत मिळून छोटी बोट घेतलीय, कुणी आई-बाबांना आणि पिल्लांना घेऊन यॉट भाड्याने ठरवतंय. आणि या मंडळींच्या गळ्यात दिसतं ते फुगणारं लाइफ जॅकेट. नारिंगी फोमच्या त्या जाडजूड जॅकेटपेक्षा कितीतरी सुटसुटीत. फोटोतही झक्कास दिसतं!

पण बॉस, इथेच खरी मेख आहे. फोमचं जॅकेट घातलं की ते तरंगतंच. फुगणारं जॅकेट मात्र फुगेपर्यंत फक्त एक कापडी पट्टा असतो. आत काही बिघडलं असेल तर बाहेरून पत्ताही लागत नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. जॅकेट घालायला हवं, हे आता सगळ्यांना पटलंय. घातलेलं जॅकेट चालू स्थितीत आहे का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. स्वतःचं जॅकेट असेल तर त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार.

आत दडलंय काय?

जॅकेटच्या घडीत हवेची एक पिशवी असते आणि तिला जोडलेला कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर. मोठ्यांच्या नेहमीच्या १५० न्यूटन जॅकेटमध्ये बहुधा ३३ ग्रॅम वायूचा. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलोचा उचल देणारा जोर. मॅन्युअल जॅकेटमध्ये दोरी ओढली की सुई सिलिंडरचं सील फोडते आणि काही सेकंदांत पिशवी टम्म फुगते. ऑटोमॅटिकमध्ये हे काम पाण्यात विरघळणारी एक गोळी करते. ती विरघळली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि सुई पुढे जाते. काही महागड्या मॉडेल्समध्ये गोळीऐवजी पाण्याच्या दाबावर उघडणारी झडप असते. आणि हे सगळं फसलं तर? तोंडाने फुगवायची नळी असतेच.

पोहता न येणाऱ्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावं. पाण्यात पडल्यावर घाबरलेल्या माणसाला दोरी आठवेलच असं नाही.

निघण्याआधी दोन मिनिटं

– खिडकीतला इंडिकेटर हिरवा आहे का बघा. लाल म्हणजे यंत्रणा उडालेली आहे किंवा नीट बसलेली नाही. आणि हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. काही मॉडेल्समध्ये हिरव्याचा अर्थ ‘यंत्रणा सज्ज’ एवढाच. सिलिंडर भरलेला आहे, असा नाही!

– सिलिंडर हाताने फिरवून घट्ट आहे ना ते पाहा. बोटीच्या धक्क्यांनी, हाताळणीने तो सैल होतो. सैल सिलिंडरपर्यंत सुई नीट पोचत नाही. जोर लावायला पक्कड नको, हात पुरे.

– ओढायची दोरी बाहेर लोंबतेय ना? घडीत गुंडाळलेली दोरी वेळेला सापडत नाही.

– बकल, शिवण, शिट्टी आणि पायांमधून जाणारा पट्टा तपासा. हा पट्टा अनेकांना ऑकवर्ड वाटतो, म्हणून ते तो लावतच नाहीत. पण तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली. कमरेचा पट्टा आत जेमतेम मूठ जाईल इतका घट्ट हवा.

– जॅकेट सगळ्यात वर घाला. त्यावर रेनकोट, सॅक किंवा बाळाची झोळी नको. फुगताना आतून छाती आवळली जाते.

वर्षातून एकदा फुल चेकअप

गाडीचं सर्व्हिसिंग करता ना? तसंच हे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये वर्षाला एकदा जॅकेट दाखवणं उत्तम. पण सीझन सुरू होण्याआधी घरीही बरंच करता येतं.

आधी सिलिंडर काढा आणि गोळीचा कार्ट्रिज बाहेर घ्या. सिलिंडरच्या तोंडाला भोक दिसलं तर तो वापरलेला आहे, सरळ बदला. गंज दिसला तरी बदला, कारण गंजाची खरखर पिशवीचं कापड कापते. मग केकचा मैदा मोजता तो डिजिटल काटा काढा. सिलिंडरवर त्याचं एकूण वजन कोरलेलं असतं. साधारण २ ग्रॅमपेक्षा जास्त कमी भरलं तर वायू गळलाय असं समजा. कार्ट्रिजवरची तारीखही वाचा. गोळीचं आयुष्य बहुतेक ३ वर्षांचं असतं. पाण्याच्या दाबाची यंत्रणा असेल तर ५ वर्षांचं.

आता नळीतून पिशवी फुगवा. हातपंप असेल तर बेस्ट, कारण तोंडाच्या हवेबरोबर आत दमटपणा जातो. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी टणक असेल तर पास! मात्र एसी लावलेल्या खोलीत नको. हवा थंड झाली की पिशवी मऊ लागते आणि उगाच टेन्शन येतं. हवा खरंच गेली असेल तर सायकलच्या ट्यूबसारखं पंक्चर काढत बसू नका. जॅकेट बाद.

हवा काढताना नळीचं टोपण उलटं करून झडप दाबा. पेन, काडी काहीही खुपसू नका. नंतर टोपण पुन्हा सुलट लावायला विसरलात तर भरलेला वायू त्याच वाटेने निघून जाईल. शेवटी मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून घडी घाला.

आणि हो, पिशवी फुगलेली असताना गंमत म्हणून दोरी ओढू नका. दुप्पट दाबाने शिवण उसवते.

दमट हवा, खारं पाणी

गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तुमचं जॅकेटही सुट्टीवर जातं. पण कुठे? बोटीच्या ओल्या कप्प्यात किंवा गाडीच्या डिकीत. ओलाव्याने गोळी विरघळत जाते आणि एखाद्या दिवशी जॅकेट कपाटातच ‘फट्ट’ करून फुगतं. त्यामुळे समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, सावलीत हँगरवर वाळवा आणि कोरड्या, हवेशीर जागी टांगून ठेवा. ऑटोमॅटिक जॅकेट बादलीत मात्र बुडवू नका! नारळी पौर्णिमेला कोळीबांधव समुद्राला नारळ वाहतात आणि नवा सीझन सुरू होतो. तुमच्या जॅकेटच्या चेकअपलाही हाच मुहूर्त झकास.

छोट्या कंपनीसाठी

बाबांसारखंच जॅकेट हवं म्हणून चिरंजीव हट्ट धरतील. ऐकू नका. अमेरिकेच्या कोस्ट गार्डची मान्यता असलेली फुगणारी जॅकेट्स १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नसतातच. लहानग्यांना वजनाच्या मापाचं फोमचंच द्या. मानेमागे कॉलर, ओढून घ्यायला हँडल आणि पायांमधून पट्टा हवा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठ्या मापाचं घ्यायची आपली सवय युनिफॉर्मपुरती ठीक. ढगळ जॅकेटमधून मूल खाली निसटतं. बनाना राइड किंवा जेट-स्कीला तर मोठ्यांनीही फोमचंच घालावं.

घाई नको

अजून एक गोष्ट. मॅन्युअल जॅकेट बंद केबिनमध्ये फुगवायचं नाही. १९९६ मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोमोरोसजवळ समुद्रात उतरलं. काही प्रवाशांनी जॅकेट आतच फुगवली होती. पाणी शिरल्यावर ते तरंगत छताशी गेले आणि दारापर्यंत पोचू शकले नाहीत. आधी बाहेर, मग दोरी.

परदेशातून कुणी दादा-वहिनी जॅकेट आणणार असतील तर त्यांना आधी एअरलाइनची परवानगी घ्यायला सांगा. गॅसचा सिलिंडर असल्याने न विचारता बॅगेत टाकून चालत नाही.

एवढं सगळं करायला वर्षाकाठी एक रविवार सकाळ आणि दर ट्रिपला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ तर आपण फोटोला फिल्टर निवडण्यात घालवतो. तेव्हा या वीकेंडला बॅग भरण्याआधी जॅकेट हँगरवरून काढा, घरातल्या सगळ्यांना समोर बसवा आणि दोरी कुठे आहे, नळी कुठे आहे ते प्रत्येकाला हात लावून दाखवा. आजी-आजोबांनासुद्धा!