गाझी: विशाखापट्टणमच्या दारात बुडालेली पाणबुडी

‘गाझी’ मुळात पाकिस्तानची नव्हतीच. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या गोदीत ती ‘डायब्लो’ या नावानं पाण्यात उतरली. १९६४ मध्ये ती भाडेकरारानं पाकिस्तानकडे आली. तेव्हा दक्षिण आशियात दुसऱ्या कुणाकडेच पाणबुडी नव्हती; आपली पहिली ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली १९६७ च्या डिसेंबरात.

लांबी सुमारे ९५ मीटर. पाणतीर सोडायच्या दहा नळ्या, सहा पुढे आणि चार मागे. पाण्यावर डिझेल, पाण्याखाली बॅटऱ्या. मोठ्या दुरुस्तीसाठी ती तुर्कस्तानला गेली, तीही सुएझ बंद असल्यामुळे अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून. पाणसुरुंग पेरायची सोय तिला तिथंच मिळाली.

१९७१ च्या भारत-पाक युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानकडे नव्याकोऱ्या फ्रेंच पाणबुड्या होत्या, तरी बंगालच्या उपसागरात ही म्हातारीच का धाडली? कारण साधं आहे. नव्यांचा पल्ला तोकडा होता, आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगावला पाणबुडीच्या दुरुस्तीची सोय नव्हती. कराचीहून निघून, द्वीपकल्पाला वळसा घालून, तिकडं काम करून परत येण्याची ताकद एकट्या गाझीत होती. १४ नोव्हेंबरला कमांडर जफर मुहम्मद खान यांच्या हाताखाली ती निघाली. सावज होतं भारताची विमानवाहू ‘विक्रांत’.

विक्रांतचा एक बॉयलर तडकलेला, त्यामुळे वेग कमी. नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी तिला अंदमानात दडवलं आणि विशाखापट्टणमला तिचं सोंग उभं केलं. जुनी विनाशिका ‘राजपूत’ विक्रांतच्या नावानं बिनतारी संदेश सोडत राहिली. बाजारात ताज्या शिध्याची भलीमोठी मागणी नोंदवली गेली, म्हणजे हेरांच्या कानावर जावं. विक्रांतवरच्या एका खलाशानं आईच्या तब्येतीची विचारपूस केल्याचा संदेशही मुद्दाम उघड्यावर पाठवला. मला या साऱ्या प्रकरणात हाच तपशील सर्वांत धूर्त वाटतो.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडताना राजपूतच्या लोकांना समोर पाण्यात खळबळ दिसली. लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांनी दोन खोलस्फोटके टाकायला लावली. थोड्या वेळानं प्रचंड स्फोट झाला, तो किनाऱ्यावरही ऐकू गेला. पुढे मच्छीमारांना अवशेष सापडले आणि गोताखोरांनी खाली जाऊन गाझीची ओळख पटवली.

ती राजपूतनं बुडवली, असं आपलं नौदल सांगतं. स्वतःच्याच सुरुंगांचा स्फोट झाला, असं पाकिस्तान म्हणतं. बॅटऱ्यांतून साचलेला हायड्रोजन पेटला, हा तिसरा तर्क. या घटनेवरच्या २०१७ च्या सिनेमात भारतीय पाणबुडी तिच्याशी झुंजते. ती मात्र निव्वळ कल्पना. माझ्या मते स्फोटाचं श्रेय कुणाचंही असो, तिला त्या उथळ पाण्यात खेचून आणण्याचं श्रेय कृष्णन यांच्या सोंगाचं आहे.

जिच्यासाठी ती आली, ती विक्रांत २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याला मोडीत निघाली. गाझी आणि तिच्यासोबत बुडालेले नव्वदहून अधिक नौसैनिक अजून विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळच आहेत.